डेकसाठी घडलेली विमाने: ‘निम्रॉड’पासून दाबोळीच्या ‘तेजस’पर्यंत

गोव्यासारख्या लहान राज्याला दोन विमानतळ कशाला, हा प्रश्न पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठाराची चर्चा सुरू झाली तेव्हापासून विचारला जात आला आहे. ५ जानेवारी २०२३ रोजी मोपाहून प्रवासी वाहतूक सुरू झाली, तरी तो प्रश्न अजून पुरता शमलेला नाही. त्याच्या उत्तराचा एक भाग वाढत्या पर्यटनात आहे आणि दुसरा दाबोळीच्या स्वरूपात. दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ. ‘आयएनएस हंसा’ हे त्याचे नाव. आठवड्याचे पाच दिवस सकाळचे काही तास तेथील धावपट्टी नागरी विमानांना मिळत नसे, कारण त्या वेळात नौदलाची उड्डाणे चालत.

या उड्डाणांमधला सर्वांत अवघड भाग म्हणजे विमानवाहू नौकेच्या आखूड डेकवर लढाऊ विमान उतरविण्याची पूर्वतयारी. ती जमिनीवर करावी लागते, वारंवार करावी लागते, आणि त्यासाठी मोकळे आकाश लागते. या विद्येची सुरुवात सुमारे शंभर वर्षांपूर्वी, कापडी पंखांच्या दुपंखी विमानांच्या काळात झाली. जमिनीवरून उडण्यासाठी जन्मलेले विमान समुद्रावर न्यायचे तर त्यात काय काय बदलावे लागते, आणि त्या बदलांची किंमत काय, हे गणित पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांच्या दरम्यानच्या वीस वर्षांत मांडले गेले. दाबोळीत आजही तेच गणित सोडवले जात आहे.

हलणारी धावपट्टी

मोपाची आणि दाबोळीची धावपट्टी प्रत्येकी तीन किलोमीटरांहून अधिक लांब आहे. १९२४मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झालेली ‘हर्मिस’ ही विमानवाहू नौका टोकापासून टोकापर्यंत सुमारे १८३ मीटर होती. विमानाला वापरता येण्याजोगी जागा त्याहूनही कमी. शिवाय ही जागा स्थिर नाही. लाटांबरोबर ती वरखाली होते, डावी-उजवी कलते आणि पुढे सरकत राहते.

या सरकण्याचाच उपयोग करून घेतला जातो. विमान उतरण्याच्या वेळी नौका वाऱ्याच्या दिशेने तोंड करून वेगाने जाते. नौकेचा वेग आणि समोरून येणारा वारा मिळून डेकवर ताशी पन्नास किलोमीटरचा प्रवाह सहज तयार होतो. त्या काळचे दुपंखी विमान ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने उतरू शके. म्हणजे डेकच्या संदर्भात त्याचा वेग उरे ताशी पन्नास किलोमीटर. आपल्या गावच्या रस्त्यावरच्या दुचाकीएवढा. विमान हलके, पंख मोठे आणि वेग कमी असल्यामुळे ही कसरत शक्य झाली.

शक्य झाली, पण सुरक्षित नव्हे. स्क्वाड्रन कमांडर एडविन डनिंग यांनी २ ऑगस्ट १९१७ रोजी ‘फ्युरियस’ या चालत्या युद्धनौकेवर ‘सॉपविथ पप’ विमान उतरविले. चालत्या नौकेवर विमान उतरल्याची ती पहिली घटना. विमानाला थांबविण्याची यंत्रणा नव्हती. डेकवरच्या सहकाऱ्यांनी धावत जाऊन विमानाला लावलेले पट्टे धरले आणि ते खाली ओढले. पाचच दिवसांनी तसाच प्रयत्न करताना विमान नौकेच्या कडेवरून पाण्यात गेले आणि डनिंग यांचा मृत्यू झाला. त्यांचे ‘पप’ हे जमिनीवरचेच लढाऊ विमान होते. समुद्रासाठी वेगळी रचना हवी, हा धडा पहिल्याच आठवड्यात मिळाला होता.

विमानाला थांबवायचे कसे?

आज सर्वत्र वापरली जाणारी पद्धत अशी: डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात, विमानाच्या शेपटीखाली हुक असतो, आणि तो तारेत अडकला की तार ताणली जात विमानाला थोपवते. ही पद्धत एकदम सुचलेली नाही. ब्रिटिशांनी आरंभी डेकच्या लांबीला समांतर तारा लावून पाहिल्या. विमान कडेला घसरू नये, हा त्यांचा मुख्य हेतू. त्यांनी विमानांचेच अधिक नुकसान होऊ लागले, म्हणून त्या काढून टाकल्या. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात काही वर्षे ब्रिटिश नौकांवर कोणत्याही तारा नव्हत्या. समोरचा वारा आणि डेकवर विमान धरायला धावणारी माणसे यांच्या भरवशावर काम चाले. आडव्या तारा ब्रिटिश नौकांवर रुळल्या त्या १९३०च्या दशकात. अमेरिकन नौदलाने त्या आधीच स्वीकारल्या होत्या.

‘फ्लायकॅचर’: मुळातूनच नौदलाचे

जमिनीवरचे विमान बदलून घेण्याऐवजी डेकसाठीच नवे विमान घडवावे, हा एक मार्ग होता. ‘फेअरी फ्लायकॅचर’ हे त्याचे चांगले उदाहरण. १९२३पासून १९३४पर्यंत ते ब्रिटिश नौकांवर होते. त्याच्या पंखांच्या मागच्या कडेला जवळजवळ पूर्ण लांबीचे फ्लॅप होते. ते खाली केले की पंखांची उचल वाढे आणि विमान कमी वेगातही हवेत तरंगत राही. त्याचे पंख दुमडत नसत, पण सांगाडा सुट्या भागांत उकलता येई, त्यामुळे ते नौकेच्या पोटात ठेवता येई. वैमानिकांचे ते आवडते विमान होते.

दोष एकच. त्याचा कमाल वेग ताशी सुमारे २१५ किलोमीटर होता आणि त्यात वाढ होण्याला वाव नव्हता. नौदलाला लागणारी विमाने मोजकी. फ्लायकॅचर सर्व मिळून दोनशेच्या आतच बांधली गेली. एवढ्या थोड्या मागणीसाठी दर काही वर्षांनी संपूर्ण नवे विमान घडविणे कोणत्याही देशाच्या तिजोरीला परवडत नाही. त्यात ब्रिटनमध्ये १९१८पासून १९३९पर्यंत नौकांवरची विमानेही हवाई दलाच्या ताब्यात होती. साहजिकच आधी हवाई दलाची गरज आणि मग नौदलाची, असा क्रम लागला. हवाई दलासाठी जे बनत आहे त्यालाच नौदलाचा पोशाख चढवा, हा विचार येथून बळावला.

‘फ्युरी’ आणि ‘निम्रॉड’: एक तुलना

या विचाराचे सर्वांत स्वच्छ उदाहरण हॉकर कंपनीच्या दोन विमानांत दिसते. दोन्ही सिडनी कॅम यांच्या देखरेखीखाली घडलेली. ‘फ्युरी’ १९३१मध्ये ब्रिटिश हवाई दलात आले. ताशी २०० मैलांचा, म्हणजे ३२२ किलोमीटरचा वेग ओलांडणारे ते त्या दलातील पहिले लढाऊ विमान. त्याचे नौदलातील भावंड ‘निम्रॉड’ १९३२मध्ये सेवेत आले. निम्रॉड म्हणजे फ्युरीची हुबेहूब नक्कल नव्हती. दोन्ही एकाच आराखड्याच्या कुळातून निघाली. इंजिन रोल्स-रॉइसचे ‘केस्ट्रेल’, शस्त्रे दोन मशिनगन, आणि बाह्य रूपात जवळजवळ जुळेपण. फरक आकड्यांत दिसतो:

– पंखांची लांबी: फ्युरी सुमारे ९.१ मीटर, निम्रॉड सुमारे १०.२ मीटर.
– पंखांचे क्षेत्रफळ: फ्युरी सुमारे २३.४ चौरस मीटर, निम्रॉड सुमारे २८ चौरस मीटर.
– भरलेले वजन: फ्युरी सुमारे १,५८० किलो, निम्रॉड सुमारे १,८४० किलो.
– कमाल वेग: फ्युरी ताशी सुमारे ३३३ किलोमीटर, निम्रॉड ताशी सुमारे ३११ किलोमीटर.

वाढलेले अडीचशे किलो गेले कुठे? नौकेच्या कॅटापुल्टने विमानाला झटक्यात पुढे फेकायचे, तर तो धक्का सोसणारे मजबूत सांधे हवेत. क्रेनने विमान उचलायचे, तर दोर अडकवायची जागा हवी. समुद्रात उतरण्याची वेळ आली, तर विमान काही काळ तरंगावे म्हणून पाणी न शिरणाऱ्या पोकळ्या हव्यात. खारट हवेपासून धातूचे रक्षण हवे. १९३४पासून आलेल्या निम्रॉडच्या दुसऱ्या आवृत्तीला शेपटीखालचा हुकही मिळाला. प्रत्येक गोष्ट वजनात भर घालते. वाढलेले वजन उचलायला मोठा पंख लागतो. मोठा पंख हवेला अधिक अडथळा करतो, आणि वेग घटतो. एका गरजेतून दुसरी निघत जाते. मधली कडी वगळता येत नाही.

डिचोलीच्या खाणपट्ट्यात धावणाऱ्या टिपरात एका फेरीला साधारण दहा टन खनिज भरलेले असते. तेवढ्या वजनात इंधन आणि वैमानिकासह पाच निम्रॉड बसली असती. इतक्या हलक्या यंत्रात अडीचशे किलो म्हणजे सहावा हिस्सा. वेगात ताशी वीस किलोमीटरची घट कागदावर किरकोळ वाटते. पण शत्रूच्या विमानाचा पाठलाग करणाऱ्या वैमानिकाला तेच अंतर गाठता येते की नाही, याचा निर्णय त्या वीस किलोमीटरांत होतो.

निम्रॉडचे पंख दुमडत नसत. दोन पंख एकावर एक असल्यामुळे दुपंखी विमान मुळातच आटोपशीर असे, आणि घडीची यंत्रणा टाळून तेवढे वजन वाचविले गेले. हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण ‘तेजस’च्या संदर्भात तो पुन्हा येणार आहे.

अमेरिका आणि जपान

अमेरिकेत उलटी गंमत झाली. बोइंग कंपनीने १९२०च्या दशकाच्या अखेरीस एकच छोटेखानी दुपंखी विमान बनविले. नौदलाने ते ‘एफ४बी’ म्हणून घेतले आणि लष्करी हवाई दलाने ‘पी-१२’ म्हणून. डेकवर चालणारे विमान जमिनीवरही चांगले चालते, हे त्यातून दिसले. पुढे ग्रुमन कंपनीने नौदलासाठी आत ओढल्या जाणाऱ्या चाकांची दुपंखी विमाने बनविली. त्यांपैकी ‘एफ३एफ’ हे अमेरिकन नौदलाचे शेवटचे दुपंखी लढाऊ विमान. १९४१पर्यंत ते तुकड्यांमध्ये होते.

जपानने ब्रिटनच्या ग्लॉस्टर कंपनीचा ‘गॅम्बेट’ हा आराखडा घेतला आणि नाकाजिमा कंपनीने त्यात बदल करून ‘ए१एन’ हे विमान घडविले. फेब्रुवारी १९३२मध्ये चीनच्या आकाशात ‘कागा’ नौकेवरच्या याच विमानांनी जपानला हवाई लढाईतील पहिला विजय मिळवून दिला. त्यानंतर दहा वर्षांनी, ९ एप्रिल १९४२ रोजी, जपानी नौकांवरून उडालेल्या विमानांनी श्रीलंकेजवळ ‘हर्मिस’ बुडविली. ज्या ब्रिटिशांकडून जपान ही विद्या शिकला, त्यांचीच नौका हिंदी महासागराच्या तळाशी गेली. तेव्हा हर्मिसवर तिचे रक्षण करायला एकही विमान नव्हते.

‘सी ग्लॅडिएटर’: शेवटची दुपंखी पिढी

१९३७मध्ये ‘ग्लॉस्टर ग्लॅडिएटर’ ब्रिटिश हवाई दलात आले, तेव्हाच दुपंखी विमानांचा काळ सरत आला होता. तरीही नौदलाला निम्रॉडच्या जागी तातडीने काहीतरी हवे होते. ग्लॅडिएटरला हुक आणि कॅटापुल्टचे सांधे बसविले, पोटाखाली हवेने फुगणारी रबरी होडी ठेवण्याची पेटी जोडली, आणि ‘सी ग्लॅडिएटर’ तयार झाले. आरंभी ३८ विमाने घाईने बदलून घेतली गेली आणि मग ६० विमाने पूर्ण नौदल स्वरूपात बांधली गेली. पर्याय नव्हता म्हणून स्वीकारलेली ही तडजोड होती.

युद्ध पेटल्यावर या तडजोडीचे बरे-वाईट दोन्ही अनुभव आले. जून १९४०मध्ये इटलीने माल्टा बेटावर हल्ले सुरू केले, तेव्हा बेटावर लढाऊ विमानांची तुकडीच नव्हती. ‘ग्लोरियस’ या नौकेसाठी पेट्यांत राखून ठेवलेली सी ग्लॅडिएटर बाहेर काढून जोडण्यात आली आणि बेटाचा आरंभीचा बचाव त्यांनी केला. पुढे या विमानांना ‘फेथ’, ‘होप’ आणि ‘चॅरिटी’ ही नावे चिकटली. विमाने तीनच होती ही दंतकथा. प्रत्यक्षात ती अधिक होती. ‘फेथ’चा सांगाडा माल्टाच्या युद्धसंग्रहालयात आजही पाहता येतो.

त्याच महिन्यात नॉर्वेजवळ वेगळी कथा घडली. तेथून माघार घेताना हवाई दलाची ग्लॅडिएटर आणि एकपंखी ‘हरिकेन’ विमाने ‘ग्लोरियस’वर उतरविण्यात आली. हरिकेनना हुक नव्हता आणि वैमानिकांनी पूर्वी कधी डेकवर पाय ठेवला नव्हता. ब्रेक दाबताच विमान नाकावर उलटू नये म्हणून शेपटीत वाळूची पिशवी ठेवली गेली. विमाने सुखरूप उतरली. दुसऱ्याच दिवशी, ८ जून १९४० रोजी, जर्मन युद्धनौकांनी ‘ग्लोरियस’ आणि तिच्या सोबतच्या दोन विनाशिका बुडविल्या. दीड हजारांहून अधिक माणसे गेली. वेगवान हरिकेनसुद्धा डेकवर उतरू शकते, हे सिद्ध झाले; पण ते सिद्ध करणाऱ्या वैमानिकांपैकी दोघेच वाचले.

गोव्याच्या किनाऱ्यावरचा एक धागा

या काळाचा एक धागा थेट मांडवी-झुवारीच्या मुखाशी येतो. हॉकर कंपनीच्या ‘हार्ट’ या दोन आसनी विमानालाही नौदलाचे रूप देण्यात आले होते. त्याचे नाव ‘ऑस्प्रे’. त्याचे पंख दुमडत, आणि चाकांऐवजी तरंगणारे पाय लावून ते पाण्यावरूनही उडे. मूळचे ‘हार्ट’ भारताच्या वायव्य सरहद्दीवर पुष्कळ वापरले गेले. भारतीय हवाई दलाच्या पहिल्या तुकडीनेही ते उडविले. ‘ऑस्प्रे’ मात्र समुद्राकडे गेले.

१९३०च्या दशकाच्या मध्याला पोर्तुगालने वसाहतींच्या रक्षणासाठी ब्रिटनमध्ये दोन युद्धनौका बांधून घेतल्या. त्यांपैकी एक ‘आफोंस द आल्बुकेर्क’. या नौकांसाठी पोर्तुगालने दोन ऑस्प्रे विमाने घेतली होती. १९३४मध्ये एक निम्रॉडही पोर्तुगालकडे गेले होते. म्हणजे ज्या दुपंखी कुळाची ही हकीकत, त्याची विमाने गोव्यावर राज्य करणाऱ्या देशाच्या आरमारात होती.

विमानांचे आयुष्य संपले. नौका मात्र चालत राहिली. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्तिसंग्रामाच्या अखेरच्या पर्वात ‘आल्बुकेर्क’ मुरगाव बंदराजवळ भारतीय नौदलाच्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या फ्रिगेटसमोर आली. तिच्या २६ वर्षे जुन्या तोफा नव्या फ्रिगेटपुढे टिकल्या नाहीत. तिचा कप्तान जखमी झाला आणि नौका दोना पावलाच्या परिसरात किनाऱ्याला लावावी लागली. त्याच वेळी भारताची पहिली विमानवाहू नौका ‘आयएनएस विक्रांत’ गोव्यापासून दूर, खोल समुद्रात पहारा देत होती. तिच्या डेकवर जी लढाऊ विमाने होती, तीही हॉकर कंपनीचीच.

निम्रॉडचे वारस दाबोळीत

ते विमान ‘सी हॉक’. हॉकरने त्याचा मूळ आराखडा हवाई दलापुढे ठेवला होता. हवाई दलाने त्यात रस दाखविला नाही आणि ते नौदलाकडे गेले. त्या काळीही कंपनीच्या आराखड्यांची सूत्रे सिडनी कॅम यांच्याच हाती होती. निम्रॉडमध्ये जे टाळले होते ते आता करावे लागले: सी हॉकचे पंख दुमडतात. १८ मे १९६१ रोजी ‘विक्रांत’च्या डेकवर पहिले जेट विमान उतरले. ते उतरविणारे लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. गोवा मुक्त झाल्यावर दाबोळी नौदलाकडे आली आणि सी हॉकची ‘व्हाइट टायगर्स’ ही तुकडी येथे रुळली. ४ डिसेंबर १९७१ रोजी याच विमानांनी ‘विक्रांत’वरून उडून चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले चढविले.

दाबोळीत पुढे आलेले ‘सी हॅरियर’ही त्याच परंपरेतले. जागेवरून सरळ वर उठणाऱ्या विमानाची मूळ कल्पना कॅम यांच्या कारकिर्दीत आकाराला आली. हवाई दलाचे ‘हॅरियर’ समुद्रासाठी बदलताना वैमानिकाचे आसन उंचावले, नाकात रडार बसविले आणि खाऱ्या हवेत लवकर झिजणारे मॅग्नेशियमचे भाग बदलले. बदलांची यादी निराळी. पण विचार निम्रॉडचाच. डिसेंबर १९८३मध्ये पहिली सी हॅरियर दाबोळीला आली आणि ११ मे २०१६ रोजी दाबोळीतच त्यांना निरोप देण्यात आला. तोवर ‘विक्रांत’ आणि ‘विराट’ या दोन्ही नौकांवर त्यांनी सेवा बजावली. ‘विराट’ ही ब्रिटिश नौदलातली नवी ‘हर्मिस’. श्रीलंकेजवळ बुडालेल्या जुन्या हर्मिसचेच नाव तिला मिळाले होते.

जमिनीवरचा डेक

सी हॅरियर सरळ खाली उतरे, म्हणून त्याला हुक आणि तारा लागत नसत. ‘आयएनएस विक्रमादित्य’ आली आणि तिच्याबरोबर ‘मिग-२९के’ आले, तेव्हा तारांचा काळ परतला. मिग-२९के हेही जमिनीवरच्या मिग-२९चे बदललेले रूप: मोठे आणि दुमडणारे पंख, दणकट चाके, शेपटीखाली हुक. फरक प्रमाणाचा. कमाल वजन सुमारे २४ टन आणि उतरण्याचा वेग ताशी २४० किलोमीटरच्या आसपास. ढोबळ हिशेब केला, तर निम्रॉडला थोपवायला जेवढी ऊर्जा शोषावी लागे, तिच्या शंभरपटीहून अधिक आता शोषावी लागते. ओढून धरणाऱ्या माणसांचे हे काम राहिलेले नाही.

म्हणून दाबोळीत जमिनीवरच एक डेक उभारला गेला. त्याच्या एका टोकाला विक्रमादित्यसारखाच १४ अंशांनी वर वळलेला उतार आहे. त्याला ‘स्की-जम्प’ म्हणतात. सुमारे २०० मीटर धावून विमान त्यावरून हवेत झेपावते. दुसरीकडे थोपविणाऱ्या पोलादी तारा आहेत. खऱ्या नौकेवर जाण्यापूर्वी वैमानिक आणि विमान यांची परीक्षा येथे होते. २०२२मध्ये फ्रान्सचे ‘राफेल-एम’ आणि अमेरिकेचे ‘सुपर हॉर्नेट’ भारतीय नौकांसाठी योग्य आहेत का, हे पाहण्यासाठी येथेच आणले होते.

‘तेजस’ने काय शिकविले

या जमिनीवरच्या डेकची खरी कसोटी लागली ती भारतीय बनावटीच्या ‘तेजस’च्या वेळी. तेजस हवाई दलासाठी आखलेले विमान. त्याच्या नौदल आवृत्तीसाठी नाक खाली झुकविले, म्हणजे उतरताना वैमानिकाला डेक दिसावा. चाकांचे पाय जड आणि मजबूत केले, कारण डेकवर विमान अलगद टेकत नाही, आदळते. आणि शेपटीखाली हुक आला. पंख मात्र दुमडत नाहीत. सुमारे आठ मीटरांचा त्रिकोणी पंख आधीच आटोपशीर आहे. ऐंशी वर्षांपूर्वी निम्रॉडच्या कर्त्यांनी केलेला युक्तिवाद येथे जसाच्या तसा लागू पडला.

२० डिसेंबर २०१४ रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी दाबोळीच्या स्की-जम्पवरून नौदलाचे तेजस प्रथम उडविले. १३ सप्टेंबर २०१९ रोजी तारेच्या साहाय्याने ते प्रथमच थांबले. ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगावरून शून्यावर यायला अडीच सेकंद पुरले. ११ जानेवारी २०२० रोजी मावळणकर यांनीच ते ‘विक्रमादित्य’च्या डेकवर उतरविले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी ते नव्या ‘विक्रांत’वरही उतरले.

तंत्र साधले, तरी नौदलाने हे विमान ताफ्यात घेतले नाही. तत्कालीन नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल सुनील लांबा यांनी २०१६च्या डिसेंबरमध्येच कारण सांगितले होते: नौकेवरून उडण्यासाठी विमान जड आहे. मजबूत पायांनी आणि हुकाने वजन वाढविले, आणि एका इंजिनाच्या ताकदीत पूर्ण शस्त्रे व इंधन घेऊन आखूड डेकवरून उडणे बसेना. फ्युरीचे निम्रॉड होताना गमावलेले ताशी वीस किलोमीटर चालून गेले. येथे गमावलेला भार चालण्याजोगा नव्हता. म्हणून दोन इंजिनांच्या, मुळातूनच नौदलासाठी आखलेल्या विमानाचा विचार सुरू झाला, आणि मधल्या काळाची गरज भागविण्यासाठी २८ एप्रिल २०२५ रोजी २६ राफेल-एम खरेदीचा करार झाला.

तेजसचा प्रयोग वाया गेला, असे मात्र म्हणता येणार नाही. तारेवर विमान थोपविणे आणि स्की-जम्पवरून ते उडविणे यांची गणिते आता भारतीय अभियंत्यांच्या हाती आहेत. हे ज्ञान ज्यांच्यापाशी होते, त्यांनी ते सहजासहजी इतरांना दिले नव्हते. पुढच्या विमानाचा पाया तेथेच आहे.

किंमत आणि दखल

या सरावाची किंमत गोव्यालाही द्यावी लागली आहे. नोव्हेंबर २०१९मध्ये दाबोळीहून उडालेले मिग-२९के पक्ष्यांची धडक बसल्याने वेर्णेच्या पठारावर कोसळले. वैमानिकांनी ते वस्तीपासून दूर नेले आणि दोघेही वाचले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरे मिग-२९के अरबी समुद्रात कोसळले आणि एका वैमानिकाला प्राण गमवावे लागले. डनिंग यांच्यापासून आजपर्यंत या कामातला धोका कमी झाला, पण संपला नाही. धावपट्टी, आकाश आणि वेळ यांची नौदलाची मागणी या संदर्भात पाहिली पाहिजे. आणि नागरी वाहतुकीला पेडण्यात दुसरी जागा शोधावी लागली, तीही त्याच संदर्भात.

बोगमाळोला गेलात तर

दाबोळीजवळ बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचे विमान संग्रहालय आहे. १९९८मध्ये ते सुरू झाले. पेडणे-डिचोलीच्या शाळांच्या सहलींना एका दिवसात सहज जमण्यासारखे आहे. तेथे निम्रॉड किंवा सी ग्लॅडिएटर नाही. पण त्यांचे वारस आहेत. फ्लायकॅचर बनविणाऱ्या फेअरी कंपनीचे ‘फायरफ्लाय’ आहे, कॅम यांच्या परंपरेतली ‘सी हॉक’ आणि ‘सी हॅरियर’ आहेत, आणि ‘आलिझे’ हे पाणबुड्यांचा शोध घेणारे फ्रेंच विमानही आहे.

मुलांना तेथे नेलेत, तर विमानाच्या नाकापेक्षा शेपटीकडे आधी बघायला सांगा. सी हॉकच्या शेपटीखाली हुक शोधावा. पंखाला घडी पडण्याची रेघ कुठे आहे ते पाहावे. चाकांचे पाय किती जाड आहेत, याची तुलना मोपावर पाहिलेल्या प्रवासी विमानाशी करावी, आणि एवढे छोटे विमान इतक्या जाड पायांवर का उभे आहे, असे त्यांनाच विचारावे. मग सी हॅरियरकडे जावे आणि त्याला हुक का नाही, हा प्रश्न घालावा. या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या मुलाला देता येतील, त्याला शंभर वर्षांतल्या या विद्येचे मर्म समजले असे म्हणायला हरकत नाही.